नवी बॅट ठोकायची ती नेमकी कुठे?

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही गफलत असेल तर ती आपल्या लगेच लक्षात येईल. आपला मुलगा 14 वर्षांचा आहे, आजवर तो काश्मिरी विलोच्या (विलो म्हणजे बॅटी ज्या झाडाच्या लाकडाच्या बनतात ते झाड) बॅटने खेळत आला आणि आता आपण त्याला पहिल्यांदाच इंग्लिश विलोची बॅट घेऊन दिली आहे. दुकानदाराने सांगितले की बॅट तीन रात्री तेलात उभी करून ठेवा आणि दुपारी गच्चीवर वाळवा. मुलाचे प्रशिक्षक म्हणतात की तेलाची काही गरज नाही, नुसती लाकडी हातोडीने ठोका. शेजारच्या एका जुन्या खेळाडूंचे म्हणणे असे की हल्लीच्या बॅटी कारखान्यातूनच तयार होऊन येतात, तेव्हा थेट खेळायला घ्या. शालेय सामने 10 दिवसांवर आले आहेत. मुलाने प्रशिक्षकांचे ऐकून दोन दिवस रोज अर्धा तास बॅट ठोकली, आवाज मोकळा येऊ लागला म्हणून नेटमध्ये सीझन बॉलवर, म्हणजे चामड्याच्या कडक चेंडूवर, दहा-बारा चेंडू खेळला, आणि घरी आल्यावर खालच्या कोपऱ्यात केसासारखी बारीक चीर दिसली. बॅट वाया गेली का, आणि या तिघांपैकी कोणाचे ऐकावे, असे आपण विचारले आहे.

बॅट वाया गेलेली नाही, एवढे आपण केलेल्या वर्णनावरून मी बऱ्याच खात्रीने सांगू शकतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र एका ओळीत देण्यासारखे नाही, कारण त्या तिघांच्याही बोलण्यात थोडे थोडे खरे आहे आणि नेमकी महत्त्वाची गोष्ट तिघांकडूनही राहून गेली आहे.

मी सोलापुरात गेली 22 वर्षे सकाळी मुलांचा सराव घेतो आणि संध्याकाळी बॅटी दुरुस्त करतो. या काळात माझ्या हाताखालून गेलेल्या मोडक्या बॅटींमध्ये पात्याच्या मधोमध फुटलेल्या बॅटी अगदी थोड्या होत्या. बाकीच्या बहुतेक सगळ्या कडेला चिरलेल्या, नाहीतर बुडाशी, म्हणजे मुले ज्याला टो म्हणतात तिथे, गेलेल्या होत्या. असे असूनही नवी बॅट हातात आली की प्रत्येक मुलगा ती मधोमधच ठोकत बसतो, कारण तिथे आवाज गोड येतो, हाताला झिणझिण्या येत नाहीत आणि आपण काहीतरी करतो आहोत असे समाधान मिळते. आपल्या मुलाचेही हेच झाले असावे. तासभर ठोकून तिचा आवाज सुधारला आणि चीर मात्र जिथे हातोडी पोहोचलीच नाही त्या कोपऱ्यात पडली. म्हणून तेल लावावे की ठोकावे हा वाद मी दुय्यम मानतो. कुठे ठोकावे, कोणत्या कोनातून ठोकावे आणि किती सबुरीने ठोकावे, हा खरा प्रश्न आहे.

याचे कारण बॅट कशी बनते त्यात आहे. विलोचे लाकूड मुळात मऊ असते, इतके की न दाबलेल्या लाकडावर सीझन बॉल जोरात बसला तर खळगाच पडेल. त्यामुळे बॅट घडवताना पात्याची पुढची बाजू यंत्रातील रुळाखाली दाबून काढतात. या दाबाने वरच्या थरातील तंतू एकमेकांवर घट्ट बसतात आणि कठीण साल तयार होते. तिच्याखालचे लाकूड मऊ आणि लवचिक राहते, आणि चेंडूला जी उसळी मिळते ती या दोन थरांच्या जोडीमुळे मिळते. पण रूळ फिरतो तो सपाट भागावरून. कडा आणि बूड त्यानंतर तासून, घासून गोल केले जातात, त्यामुळे तिथे दाबाचा लाभ अर्धवटच पोहोचतो. दुकानातून येणारी नवी बॅट मधोमध बऱ्यापैकी तयार आणि कडेला जवळजवळ कच्ची असते, ती अशी. ठोकण्याचा, ज्याला आपण नॉकिंग म्हणतो त्याचा, उद्देश हाच की यंत्राने जिथे काम सोडले तिथून पुढे ते हाताने पूर्ण करायचे.

हे आपल्याला घरी तपासून पाहता येईल. बॅट उजेडात आडवी धरा आणि अंगठ्याचे नख आधी मधोमध आणि मग कडेपासून एका बोटाच्या अंतरावर सारख्याच जोराने दाबा. मधोमध नखाची खूण जेमतेम उमटेल. कडेजवळ मात्र चंद्रकोरीसारखी स्पष्ट रेघ राहील. नीट ठोकलेल्या बॅटवर या दोन खुणांमधील फरक जवळजवळ मिटलेला असतो. किती तास ठोकले याचा हिशेब मी ठेवतो, पण अखेरचा शब्द या नखाचा मानतो.

काश्मिरी बॅटीला एवढे काही करावे लागले नव्हते, असे आपल्या मनात येईल. अनंतनाग जिल्ह्यात संगमच्या परिसरात ज्या बॅटी बनतात त्यांचे लाकूड इंग्लिश विलोपेक्षा सहसा अधिक घट्ट, कठीण आणि वजनदार असते. ते बरीच हेळसांड सोसते, पण चेंडूला तशी उसळीही देत नाही. इंग्लिश विलो ज्या मऊपणामुळे महाग आहे त्याच मऊपणामुळे नाजूकही आहे. ठोकण्याची गरज काश्मिरी बॅटीलाही असतेच. फक्त ती न केल्याची शिक्षा उशिरा मिळते.

एक गोष्ट जाता जाता सांगतो. पॉली उम्रीगर 1926 साली याच सोलापुरात जन्मले आणि 1955 साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध 223 धावा करून कसोटीत द्विशतक काढणारे पहिले भारतीय ठरले. त्या काळातील बॅटी पाहिल्या तर कड बोटाच्या जाडीची असे. आजच्या बॅटीची कड इतकी जाड होत गेली की 2017 सालच्या नियमांत तिला 40 मिलिमीटरची मर्यादा घालावी लागली. कड जाड झाली म्हणून ती मजबूत झाली असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात कच्च्या लाकडाचा उघडा भाग वाढला आहे, आणि कडेला लागूनही चेंडू सीमापार जातो म्हणून मुले बॅट अधिक मोकळेपणाने फिरवतात, त्यामुळे कडेवर बसणारे घावही वाढले आहेत.

आता तेलाकडे वळतो, कारण दुकानदाराचा सल्ला पाळला तर नुकसान सर्वांत जास्त होईल. तेलाचे काम दोन प्रकारचे आहे. वरचे तंतू थोडे लवचिक राहतात, त्यामुळे हातोडी बसली की ते तुटण्याऐवजी दबतात. आणि लाकूड हवेतील दमट-कोरडेपणाबरोबर पटापट फुगत-आकसत नाही. या दोन्हींसाठी अगदी पातळ लेप पुरतो. तेलात बुडवलेली बॅट जड होते, तिचे तंतू जास्त मऊ पडतात, फटका मेल्यासारखा लागतो, आणि तेल वर चढत हँडलच्या सांध्यापर्यंत पोहोचले तर तिथला सरसही सैल होऊ शकतो.

हे मी पुस्तकी सांगत नाही. नववीत असताना वडिलांनी घेऊन दिलेली पहिली बॅट मी रंगाच्या एका दुकानातून आणलेल्या तेलात, डालड्याच्या डब्यात, दोन रात्री उभी ठेवली होती. ते तेल उकळलेले होते, हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. पात्यावर माश्या पकडायच्या कागदासारखा चिकट थर बसला, त्यावर मैदानाची धूळ चिकटून बॅट मातकट झाली, आणि तेल पिऊन फुगलेल्या बुडाचा पेरूच्या फोडीएवढा तुकडा तिसऱ्या की चौथ्या सामन्यात यॉर्करवर निघून यष्टिरक्षकाच्या पायाशी जाऊन पडला. घरी जाऊन काय सांगायचे, या विचारात मी त्या दिवशी सात रस्ता चौकापासून घरापर्यंत पायी आलो.

तेव्हा तेल जवसाचेच घ्यावे, पण कच्चे. रंगाच्या दुकानात डबल बॉइल या नावाने जे मिळते त्यात ते लवकर वाळावे म्हणून धातूंचे क्षार मिसळलेले असतात. ते लाकडात मुरण्याआधीच वरती पापुद्रा धरते. कच्चे तेल हवेतील प्राणवायू घेत सावकाश वाळते आणि तोवर लाकडात उतरते. आपल्याकडे जवसाची चटणी घरोघरी होते, त्यामुळे लाकडी घाण्यावर खाण्याचे जवस तेल मिळणे अवघड नाही, आणि तेच सर्वांत खात्रीचे. खोबरेल, मोहरीचे किंवा शेंगदाण्याचे तेल वापरू नये. पहिली दोन तर मुले हमखास लावतात. ही तेले जवसाच्या तेलासारखी वाळत नाहीत आणि लाकूड तेलकटच राहते.

प्रमाण म्हणाल तर चहाच्या चमच्याने एक चमचा पहिल्या लेपाला आणि अर्धा चमचा दुसऱ्या लेपाला. कापडाच्या बोळ्याने पुढच्या बाजूला, दोन्ही कडांना आणि बुडाला पुसल्यासारखे लावावे. हँडल, स्टिकर आणि हँडल पात्यात जिथे पाचरीसारखे बसवलेले असते तो सांधा वगळावा. लावून झाल्यावर बॅट पुढची बाजू वर करून आडवी ठेवावी. उभी ठेवली तर तेल ओघळून बुडाशी जमते. एका दिवसाने जे तेल वर राहिले असेल ते कोरड्या कापडाने पुसून टाकावे. पात्यावर कारखान्यातूनच पारदर्शक शीट चिकटवलेले असेल तर पुढून तेल लावण्यात काही अर्थ नाही, कारण ते आत जाणारच नाही. अशा वेळी फक्त उघड्या कडा आणि बूड पाहावे, आणि शीट सोलण्याच्या फंदात पडू नये.

बोळ्याची गोष्ट सोडून चालणार नाही. सोलापुरात यंत्रमागावरचे सुताचे वेस्ट, म्हणजे टाकाऊ सूत, कुठेही मिळते आणि तेल लावायला ते उत्तमही आहे, पण जवसाच्या तेलाने भिजलेला बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकला तर तेल वाळताना निघणारी उष्णता आतल्या आत कोंडून तो आपोआप पेट घेऊ शकतो. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. सुतारकामात याची काळजी नेहमी घेतली जाते. बोळा पाण्यात भिजवून, पिळून, उघड्यावर पसरून वाळवावा आणि मगच फेकावा.

गच्चीवरच्या उन्हाबद्दल वेगळे सांगायला नको असे वाटते, तरी सांगतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा 40 अंशांच्या वर असतो आणि हवेत ओलावा जवळजवळ नसतो. अशा उन्हात ठेवलेले पाते वरून भरभर आकसते, आतून आकसत नाही, आणि या ओढाताणीत तंतूंमध्ये फटी पडतात. बंद मोटारीची डिकी, पत्र्याची खोली आणि स्कूटरला बांधून दुपारभर उभी ठेवलेली किट बॅग, या तिन्ही जागा उन्हाइतक्याच वाईट. याच्या उलट धोका घरातच असतो आणि तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. बॅट दाराआड फरशीवर उभी असते, रोज सकाळी लादी पुसली जाते, आणि बूड थोडे थोडे पाणी पीत राहते. वर्षभराने बूड फुगते आणि वडील चेंडूला दोष देतात. बॅट कपाटावर आडवी ठेवावी, एवढेच.

इथे थोडे थांबून आतापर्यंतचे एकत्र करतो: मधला भाग यंत्राने बराचसा तयार केलेला असतो, कडा आणि बूड कच्चे असतात, तेल पातळ आणि कच्चे हवे, ऊन नको. आता प्रत्यक्ष ठोकण्याचे.

त्यासाठी गोल तोंडाची लाकडी हातोडी मिळते. ती नसेल तर चांगल्या प्रतीचा जुना लेदरचा चेंडू मोज्यात घालून, मोज्याला गाठ मारून वापरता येतो, आणि माझी पिढी त्यावरच वाढली. लोखंडी हातोडी कापड गुंडाळूनसुद्धा वापरू नये. बॅट मांडीवर किंवा घडी केलेल्या चादरीवर ठेवावी, म्हणजे मागच्या बाजूवर घाव परत उमटत नाही. सुरुवातीचा जोर किती असावा हे मुलांना समजावताना मी शेंगेचे उदाहरण देतो: हातोडीने शेंग फोडायची आहे, टरफल फुटले पाहिजे आणि दाणा चेपता कामा नये, एवढाच जोर. पहिला अर्धा-पाऊण तास यापेक्षा अधिक जोर लावू नये. मग हळूहळू वाढवत न्यावा आणि शेवटच्या तासात मध्यम वेगाचा चेंडू जेवढ्या जोराने बसतो त्याच्या जवळपास यावे. एका जागी ठोकत राहू नये. पावसाचे थेंब पडावेत तसे घाव शेजारी शेजारी पडत गेले पाहिजेत.

कडेचे काम वेगळ्या रीतीने करावे लागते आणि तिथेच बहुतेकांची चूक होते. हातोडी कडेवर सरळ बाजूने, म्हणजे काटकोनात, कधीही मारू नये, कारण तसा घाव पात्याच्या थरांना एकमेकांपासून सोडवतो. पुढची बाजू आणि कड जिथे मिळतात त्या धारेवर, साधारण 45 अंशांच्या तिरकस कोनातून, हलके आणि पुष्कळ घाव घालावेत. नव्या बॅटची ही धार बोट फिरवले तर टोकदार लागते. तीन-चार बैठकींनंतर ती पेन्सिलीच्या अंगासारखी गोलसर लागू लागते, तिथला लाकडाचा रंगही किंचित गडद आणि तुकतुकीत होतो, आणि आवाज बदलतो: सुरुवातीला पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखा भद्द येणारा आवाज पुढे टणक येऊ लागतो. हा बदल मधोमध अर्ध्या तासात ऐकू येतो, कडेला त्यासाठी दोन-अडीच तास लागू शकतात, म्हणून केवळ आवाजावर विसंबून मुले फसतात. बुडाशीही हीच रीत: पुढच्या बाजूने, खालच्या धारेपासून थोडे वर, तिरकस आणि हलके. बॅट ज्यावर उभी राहते त्या तळावर, तसेच मागच्या बाजूवर, हातोडी लागता कामा नये.

किती वेळ, या प्रश्नाला मी चार ते सहा तास असे उत्तर देतो, आणि त्यातील निम्म्याहून अधिक वेळ कडा आणि बुडासाठी राखायला सांगतो. हा आकडा परिस्थितीप्रमाणे बदलतो, हे मान्य केले पाहिजे. पात्यावरच्या उभ्या रेघा म्हणजे झाडाच्या एकेका वर्षाची वाढ; रेघा जवळजवळ असतील तर बॅट सहसा लवकर खुलते, रुंद असतील तर तिला अधिक वेळ द्यावा लागतो. कोणी कारखाना पाते अधिक दाबतो, कोणी कमी. दुकानात यंत्रावर नॉकिंग करून दिलेले असेल तर मधल्या भागाचे एक-दोन तासांचे काम खरोखर वाचते, आणि आपल्या शेजाऱ्यांचे म्हणणे तेवढ्यापुरते बरोबर आहे. पण यंत्राचे घाव सपाट भागावर पडतात, कडांची धार हातानेच मोडावी लागते. बॅटवर खेळायला तयार अशी चिठ्ठी असली तरी मी नखाची परीक्षा घेतल्याशिवाय ती मुलाच्या हातात देत नाही. आणि बॅट फक्त टेनिस बॉलसाठी असेल तर या खटाटोपाची गरजच नाही.

आवाजाचा त्रास शेजाऱ्यांना होतो, हे खरे. माझे घर पूर्व भागात आहे. तिथे यंत्रमागाच्या खडखडाटात माझी ठकठक कोणाच्या कानावरही जात नाही. आपण फ्लॅटमध्ये राहत असाल तर दुपारची वेळ टाळावी आणि बैठक 20 मिनिटांहून लांबवू नये. तेवढ्यानंतर हात दमतो आणि घाव वाकडेतिकडे पडू लागतात, त्यामुळे बैठक छोटी ठेवणे एरवीही चांगलेच.

आता आपल्या चिरेकडे येतो. ती लाकडाच्या रेघांच्या दिशेने, बुडाकडून वर जाणारी आणि दोन-तीन सेंटिमीटरची असेल, तर तिची दुरुस्ती घरीही होते. ती रेघांना आडवी, म्हणजे पात्याच्या रुंदीच्या दिशेने जात असेल, तर हातोडी खाली ठेवा आणि जाणत्या कारागिराला दाखवा, कारण तिथे तंतूच तुटलेले असण्याची शक्यता असते. पुढच्या बाजूवर नंतर ज्या केसासारख्या बारीक रेषा पडत जातात त्यांची मात्र काळजी करू नये. त्या मऊ लाकडावरच्या सुरकुत्या आहेत. आपल्या मुलाने अद्याप तेल लावलेले नाही ही या प्रकरणातील सुदैवाची बाब आहे, कारण तेल प्यालेल्या लाकडावर सरस धरत नाही. म्हणून क्रम आधी सरस, मग तेल, मग हातोडी, असाच ठेवावा.

पहिल्या दिवशी लाकडाचा पांढरा गोंद थेंबभर पाण्याने सैल करून औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सिरिंजने चिरेत सोडावा, बोटाने हलके दाबून तो आत जाऊ द्यावा, वर आलेला पुसून घ्यावा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून बुडाभोवती घट्ट गुंडाळून बॅट रात्रंदिवस तशीच ठेवावी. ट्यूबचा दाब सगळीकडून सारखा बसतो, म्हणून मला ती शिकंज्याहून बरी वाटते. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडून बारीक पॉलिश पेपर फिरवावा आणि तेलाचा पहिला लेप द्यावा. तिसऱ्या दिवशी पुसून दुसरा. चौथ्या दिवसापासून आठव्या दिवसापर्यंत सकाळ-संध्याकाळ 20-20 मिनिटे ठोकले तरी सव्वातीन तासांच्या पुढे काम होते, आणि मधल्या भागाचा एक तास मुलाने आधीच दिलेला असल्यामुळे हा जवळजवळ सगळा वेळ कडा आणि बुडाला देता येईल. चिरेच्या जागेवर मात्र शेवटच्या दोन दिवसांपर्यंत अगदी शेंगेच्याच जोराने चालावे.

नवव्या दिवशी जुना, मऊ पडलेला, पण शिवण शाबूत असलेला लेदरचा चेंडू घेऊन आपण किंवा त्याच्या मित्राने हाताखालून टाकावा आणि मुलाने तो नुसता परतवावा; जोराचा फटका नको. तासाभराने पाते पाहावे. चेंडूचा नुसता लालसर डाग असेल तर काम झाले. शिवणीचे टाके मोजता येतील इतके खोल उमटले असतील तर त्या भागाला पुन्हा हातोडीखाली घ्यावे. या टप्प्यावर स्वस्तातला, दगडासारखा कडक चेंडू अजिबात वापरू नये. बॅट बिघडवण्याचे सामर्थ्य त्याच्यात वेगवान गोलंदाजापेक्षा अधिक असते. सगळे ठीक असेल तर पुढे पारदर्शक शीट आणि बुडाला रबरी गार्ड लावून घ्यावा. शीटची जाडी नियमाप्रमाणे 1 मिलिमीटरहून अधिक चालत नाही, आणि ते ठोकण्याची जागा घेऊ शकत नाही, पण आपल्याकडे सरावाचा मोठा भाग मॅटवर होतो आणि मुले चेंडूची वाट पाहताना बॅट सारखी खाली आपटत असतात, त्यामुळे गार्डला मी चैन समजत नाही.

दहाव्या दिवशीच्या सामन्याबद्दल माझे मत थोडे कडक आहे. मुलगा 14 वर्षांचा असल्यामुळे त्याला सामन्यात पूर्ण वजनाचा, म्हणजे 156 ते 163 ग्रॅमच्या दरम्यानचा चेंडू खेळावा लागेल, आणि नवा असताना तो सर्वांत कठीण असतो. तो कितव्या क्रमांकावर खेळतो हे आपण लिहिलेले नाही. पाचव्या-सहाव्या क्रमांकावर येत असेल तर चेंडू तोवर थोडा मऊ पडलेला असेल आणि नवी बॅट नेण्यास हरकत नाही. सलामीला जात असेल तर किट बॅगमध्ये दोन्ही बॅटी ठेवाव्यात, पहिली आठ-दहा षटके त्याने काश्मिरी बॅटने खेळावीत आणि मग बाराव्या खेळाडूकडून नवी मागवून घ्यावी. डावाच्या मध्येच बॅट बदलायला नियमांची आडकाठी नाही. नव्या बॅटने खेळून आल्यावर त्या चिरेवरून नख फिरवून पाहावे. नख अडकले नाही तर गोंद धरला आहे, अडकले तर त्याच रात्री सिरिंज आणि ट्यूब पुन्हा काढावी, पण या वेळी आत तेल गेलेले असल्यामुळे घरी न करता बॅट कारागिराकडे नेलेली बरी.